अपग्रेडनंतर हरवलेला वेग

२०१७ च्या पायकॉन परिषदेत इन्स्टाग्रामच्या लिसा गुओ आणि हुई डिंग यांनी आपली सेवा पायथन २ वरून पायथन ३ वर कशी नेली याची हकिगत सांगितली. त्यातला एक प्रसंग असा. नव्या रनटाइमवर प्रत्येक विनंतीमागे सीपीयूला कराव्या लागणाऱ्या कामात १२ टक्के घट झाल्याचे मोजमाप सांगत होते. त्या हिशेबाने एका सर्व्हरने सेकंदाला जवळपास तेवढ्याच प्रमाणात जास्त विनंत्या हाताळायला हव्या होत्या. प्रत्यक्षात वाढ झाली शून्य टक्के. काम कमी झाले होते, तरी उरक वाढला नव्हता.

अडचण सापडली ती एका साध्या अटीत. मेमरी काटकसरीने वापरण्याची एक व्यवस्था त्यांच्या सर्व्हरवर होती. ती चालू करायची की नाही हे सेटिंगमधून आलेले मूल्य ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून ठरत असे. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइट्सच, त्यामुळे ताडणी जुळायची. पायथन ३ ने मजकूर आणि बाइट्स हे दोन प्रकार वेगळे केले. सेटिंगचे मूल्य आता बाइट्स म्हणून येत होते, समोरचा शब्द मजकूर होता, आणि हे दोन प्रकार एकमेकांशी कधीच समान ठरत नाहीत. अट कायम खोटी. ना एरर आली, ना लॉगमध्ये इशारा उमटला. प्रोग्राम बिनतक्रार चालत राहिला आणि काटकसरीची व्यवस्था मात्र गुपचूप बंद पडली. त्या शब्दाच्या आधी ‘बी’ हे एक अक्षर जोडले आणि अडकलेले १२ टक्के पदरात पडले.

रनटाइम बदलल्यावर वेगाचे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातली खरी मेख वरच्या प्रसंगात आहे. शून्य टक्के हा आकडा पाहून ‘पायथन ३ म्हणे वेगवान, पण आमच्याकडे काही फरक पडला नाही’ एवढे म्हणून थांबणे अगदी सोपे होते. ते वाक्य खोटेही ठरले नसते. पण ते लक्षण होते, निदान नव्हे. अपग्रेडनंतर प्रोग्राम मंदावला की ‘नवी आवृत्तीच मंद आहे’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची सवय आपल्याकडच्या टीममध्ये खोल रुजलेली आहे. मंदपणाला नेहमी एक नेमका पत्ता असतो आणि तो शोधता येतो, हे सांगण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.

प्रोग्रामर लिहितो तो कोड हा चालत्या प्रोग्रामचा एक भाग. मेमरी देणे आणि परत घेणे, थ्रेड सांभाळणे, वारंवार लागणाऱ्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, मजकुराची तुलना, नेटवर्कवरचे एन्क्रिप्शन अशी कितीतरी कामे रनटाइम आणि त्याच्यासोबत येणाऱ्या लायब्ररी करत असतात. म्हणून स्वतःच्या कोडची एक ओळही न बदलता प्रोग्रामचे वागणे बदलू शकते.

आणि हल्ली हा बदल एका पायरीने होत नाही. स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिने किमान जावा १७ ची अट घातली. पुण्या-मुंबईतल्या, बंगळूर-हैदराबादच्या अनेक टीम तोवर जावा ८ वरच होत्या. जावा ८ मार्च २०१४ चे, जावा १७ सप्टेंबर २०२१ चे. साडेसात वर्षांत रनटाइममध्ये झालेले सारे बदल अशा टीमच्या वाट्याला एका रात्रीच्या डिप्लॉयमेंटमध्ये येतात. सकाळी आलेख वर गेलेला दिसतो आणि नऊ आवृत्त्यांपैकी नेमके कुठल्या आवृत्तीतले काय बाधले, हे सांगता येत नाही.

जावाचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण तिथे बदलांची नोंद चोख ठेवलेली असते. २०१७ च्या जावा ९ मध्ये सर्व्हर दर्जाच्या मशीनवरचा डिफॉल्ट गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत गोळा करणारा भाग (जीसी), बदलला. आधी पॅरलल होता, त्याच्या जागी जी-वन आला. लग्नात पंगत उठेपर्यंत थांबून सगळ्या पत्रावळी एकदम उचलायच्या, ही पॅरललची पद्धत. जेवणे चालू असतानाच थोडी थोडी आवराआवर करत राहायची, ही जी-वनची. दुसऱ्या पद्धतीत कुणाला फार वेळ ताटकळावे लागत नाही, पण आवरणाऱ्यांची ये-जा सतत चालू राहते आणि एकूण श्रम वाढतात. वेबसाइटला हा सौदा बहुधा मानवतो. रात्रभर चालणाऱ्या, लाखो नोंदींचा हिशेब करणाऱ्या बॅच जॉबला तो महाग पडू शकतो, कारण तिथे मधल्या थांब्याची कुणालाच पर्वा नसते, काम पहाटेपर्यंत संपले म्हणजे झाले. बहुतेक वापरकर्त्यांना एकूण उरकापेक्षा छोटे थांबे जास्त महत्त्वाचे वाटतात, असा विचार करूनच जावाच्या कर्त्यांनी हा बदल केला आणि तसे लिहूनही ठेवले. तो तुमच्या कामाला लागू आहे का, हे मात्र तुम्हीच तपासायचे. जीसीचा लॉग चालू करायचा, दोन्ही कलेक्टरांवर तोच जॉब चालवायचा, आणि फरक तिथेच असेल तर एका फ्लॅगने पॅरलल परत आणायचा.

या बदलाला एक उपकथानक आहे आणि ते कंटेनर वापरणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे. मशीन सर्व्हर दर्जाचे आहे की नाही, हे जावा स्वतः ठरवते. निदान दोन प्रोसेसर आणि सुमारे १८०० एमबी मेमरी दिसली नाही, तर जी-वनही नाही आणि पॅरललही नाही, एकाच थ्रेडवर चालणारा सीरियल कलेक्टर निवडला जातो. जुन्या जावा ८ ला कंटेनरची मर्यादा कळतच नव्हती. ६४ कोअरच्या यजमान मशीनवर एका कोअरचा कंटेनर दिला, तरी त्याला ६४ दिसायचे. २०१८ मध्ये जावा १० ने ही मर्यादा ओळखायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ती सोय जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही आली. आकलन बरोबर झाले, पण त्याबरोबर जीसीच्या थ्रेडची संख्या बदलली, पॅरलल स्ट्रीम ज्यावर चालतात त्या सामाईक थ्रेड पूलचा आकार बदलला, आणि काही ठिकाणी कलेक्टरच बदलला. अशा वेळी प्रोफाइलरमध्ये तासन्‌तास डोके घालण्याआधी एक ओळ छापून पाहावी. रनटाइमला किती प्रोसेसर दिसत आहेत? जुन्या आणि नव्या आवृत्तीवर हा आकडा वेगळा निघाला, तर निम्मे काम तिथेच झाले.

मोठ्या आवृत्त्यांची धास्ती सगळेच घेतात. छोटी अपडेट मात्र ‘सिक्युरिटी पॅच आहे’ म्हणून डोळे मिटून लावली जातात. जावा ७ ची सहावी अपडेट ऑगस्ट २०१२ मध्ये आली आणि तिच्यात सबस्ट्रिंग या रोजच्या वापरातल्या क्रियेचे आतले काम बदलले. आधी मोठ्या मजकुरातून तुकडा काढला की नवा तुकडा मूळ मजकुराच्याच अक्षरांवर बोट ठेवून राहायचा. त्यामुळे क्रिया तत्काळ व्हायची, पण दहा अक्षरांचा तुकडा जपून ठेवला तर दहा एमबीचा मूळ मजकूरही मेमरीतून हलायचा नाही. ही गळती थांबवण्यासाठी नव्या अपडेटपासून तुकड्याची स्वतंत्र प्रत काढली जाऊ लागली.

सामान्य प्रोग्रामला याने काही झाले नाही. पण काही पार्सर असे लिहिलेले असतात की पहिले अक्षर वाचायचे, उरलेल्या मजकुराची सबस्ट्रिंग घ्यायची, पुन्हा पहिले अक्षर वाचायचे. एक लाख अक्षरांच्या फाइलवर हे करून पाहा. एक लाख वेळा सरासरी पन्नास हजार अक्षरांची प्रत निघते, म्हणजे ५०० कोटी अक्षरांची उचल-ठेव. पूर्वी यातले एकही अक्षर हलत नव्हते. फाइल दुप्पट झाली की हे काम चौपट होते, म्हणून चाचणीतल्या छोट्या फाइलवर काहीच जाणवत नाही आणि प्रॉडक्शनमधली मोठी फाइल आली की सर्व्हर धापा टाकतो. इथे फ्लॅग बदलून सुटका नाही. मजकूर कापत जाण्याऐवजी आपण कुठवर वाचले त्याचा क्रमांक धरून ठेवणे, असा कोड पुन्हा लिहावा लागतो. रनटाइमचा बदल योग्य होता आणि जुना कोडही त्या काळच्या नियमांना धरूनच होता. दोष कुणाचा हे ठरवण्यात वेळ घालवण्यापेक्षा काम किती पटींनी वाढते आहे हे दोन-तीन आकारांच्या फाइलवर मोजणे इथे कितीतरी जास्त उपयोगी पडते.

असेच जावा १५ चे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीत बायस्ड लॉकिंग ही लॉक स्वस्त करणारी जुनी युक्ती डिफॉल्ट म्हणून बंद झाली. जुन्या, प्रत्येक पावलावर लॉक घेणाऱ्या हॅशटेबल आणि व्हेक्टरवर बेतलेल्या प्रोग्रामना याची झळ बसू शकते, असा इशारा हा बदल सुचवणाऱ्या प्रस्तावातच होता. अशा नोंदी वाचणारा माणूस टीममध्ये असणे ही चैन समजली जाते. ती मूलभूत गरज आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत गुन्हेगार निदान रनटाइमच्या आवारातला होता. पुष्कळदा तो तिथलाही नसतो. अपग्रेडच्या निमित्ताने कंटेनरची बेस इमेज बदलते आणि तिच्यासोबत सी लायब्ररी बदलते. अल्पाइन लिनक्समध्ये ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते आणि अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागू लागले की तिचा मूळचा मेमरी वाटप करणारा भाग रेंगाळतो. नोड १७ ऑक्टोबर २०२१ मध्ये ओपन-एसएसएल ३ घेऊन आले. त्या ओपन-एसएसएलमध्ये अल्गोरिदम शोधण्याची आणि सर्टिफिकेट वाचण्याची व्यवस्था नव्याने रचलेली होती आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती अनेक ठिकाणी आधीपेक्षा मंद होती. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावर कर्नेलचे पॅच आले. त्यांनी सिस्टिम कॉल महाग केले आणि त्याच आठवड्यांत ज्यांनी रनटाइमही बदलला त्यांना हा भुर्दंड नव्या आवृत्तीच्या खात्यावर मांडावासा वाटणे साहजिक होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही अवस्था. यावर उपाय रुक्ष पण खात्रीचा आहे. जुने रनटाइम नव्या बेस इमेजवर चालवायचे, नवे रनटाइम जुन्या इमेजवर चालवायचे, आणि मंदपणा कुणाच्या मागे जातो ते पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे शाळेतल्या प्रयोगवहीत शिकवलेले असते आणि रिलीजच्या घाईत सर्वांत आधी तेच सुटते.

कधी कधी तर मंदपणा किंवा वाढलेली मेमरी हा नुसता भास असतो. गो भाषेच्या १.१२ या आवृत्तीने लिनक्सवर मोकळी झालेली मेमरी परत करण्याची पद्धत बदलली. गरज पडेल तेव्हा कर्नेलने ती घ्यावी अशी मुभा देऊन ठेवली जाऊ लागली, आणि आलेखावर प्रोग्राम पूर्वीपेक्षा जास्त मेमरी खातो आहे असे दिसू लागले. प्रत्यक्षात ती मेमरी केव्हाही काढून घेता येण्यासारखी होती. १.१६ मध्ये गोच्या कर्त्यांनी जुनी पद्धत परत आणली.

मोजमापाचा प्रश्न याहून खोल आहे आणि या विषयातले सर्वांत श्रीमंत दालनही तेच आहे. २००९ साली मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी दाखवून दिले की लिनक्सवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा एकूण आकार बदलला, तरी तोच प्रोग्राम कमी-जास्त वेगाने धावतो, कारण त्याने मेमरीतली मांडणी सरकते. वापरकर्त्याचे नाव लांब असणे एवढ्यानेही निष्कर्ष फिरू शकतो. २०१७ मध्ये एड बॅरेट, लॉरेन्स ट्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, वापरणाऱ्या अनेक रनटाइमची कसून तपासणी केली. हे रनटाइम सुरुवातीला अडखळतात, मग तापतात आणि एका स्थिर, सर्वोच्च वेगावर येऊन टिकतात, असे सगळे गृहीत धरून चालत होते. रनटाइम आणि चाचणी-प्रोग्राम यांच्या जोड्या तपासल्या तेव्हा असे सातत्याने घडणाऱ्या जोड्या फार तर ४३.५ टक्के भरल्या. काही प्रोग्राम वेळ जाईल तसे मंद होत गेले, काही स्थिरावलेच नाहीत. म्हणजे ‘दहा वेळा चालवून सरासरी काढली’ हा आपला रोजचा पुरावा बऱ्याचदा पुरावा नसतोच. जुने आणि नवे रनटाइम त्याच मशीनवर, आलटूनपालटून, पुरेसा काळ चालवावे आणि एका सरासरीऐवजी सगळ्या नोंदींचा पसारा पाहावा, हा आग्रह यातूनच येतो.

तुलना ज्याच्याशी करायची तो पायाच सदोष असेल तर काय होते, याचे ताजे उदाहरण २०२५ चे आहे. पायथन ३.१४ साठी इंटरप्रिटरची एक नवी रचना तयार झाली आणि तिने सरासरी १० ते १५ टक्के वेग वाढल्याचे आकडे जाहीर झाले. नेल्सन एल्हेज या अभियंत्याने ते आकडे उलगडून पाहिले. तुलनेसाठी जुना इंटरप्रिटर क्लँग १९ या कंपायलरने बांधला होता आणि त्या कंपायलरमध्येच एक दोष शिरला होता. जुन्या इंटरप्रिटरमध्ये प्रत्येक सूचनेच्या शेवटी पुढच्या सूचनेकडे थेट उडी असते. क्लँग १९ ने अशा शेकडो उड्या एकाच ठिकाणी गोळा करून ठेवल्या आणि जुना इंटरप्रिटर विनाकारण मंद झाला. नवी रचना धावली त्याहून जुनी जास्त मागे ओढली गेली होती. निर्दोष कंपायलरशी तुलना केल्यावर नफा पाच टक्क्यांच्या आत आला आणि पायथनच्या चमूने आपला दावा उघडपणे दुरुस्त केला. हे सारे जाणते लोक होते, त्यांच्याकडे चाचण्यांची उत्तम व्यवस्था होती, तरीही हे घडले. आपल्या टीमने चहाच्या वेळेत घेतलेल्या एका मोजमापावर किती विसंबायचे, याचा विचार इथे प्रत्येकाने करावा.

आकडे विश्वासाचे झाले की मग शोधाला दिशा द्यायची. पहिला प्रश्न असा की प्रोग्राम काम करतो आहे की वाट पाहतो आहे? सीपीयू पूर्वीपेक्षा जास्त तापला असेल तर एक वाट, सीपीयू निवांत असून उत्तर उशिरा येत असेल तर अगदी वेगळी. दुसऱ्या स्थितीत लॉक, डिस्क, नेटवर्क, डेटाबेसचे कनेक्शन यांच्याकडे पाहायचे. सीपीयूचा वेळ कुठे जातो हे दाखवणारा फ्लेम ग्राफ ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये मायएसक्यूएलच्या एका वेगाच्या प्रश्नावर काम करताना शोधला. पुढे त्याचाच दोन आवृत्त्यांतला फरक रंगाने दाखवणारा प्रकार आला, आणि अपग्रेडच्या निदानासाठी याहून सोयीचे चित्र क्वचितच मिळेल. जे फंक्शन नव्या आवृत्तीत फुगले ते लाल, जे आक्रसले ते निळे. जावा ११ पासून फ्लाइट रेकॉर्डर सगळ्यांना खुला आहे, पायथन ३.१२ पासून लिनक्सच्या पर्फ या प्रोफाइलरला पायथनची फंक्शने नावानिशी दिसू शकतात. साधनांची वानवा आहे असे आता कुणाला म्हणता येणार नाही.

आणि आवृत्त्यांची रांग मोठी असेल, तर मधोमध कापत जावे. जावा ८ ते १७ मधली ११ घ्यावी, तिथे प्रोग्राम वेगात असेल तर पुढच्या अर्ध्यात शोधावे, मंद असेल तर मागच्या. एका आवृत्तीच्या आतल्या हजार बदलांतही याच रीतीने सुमारे दहा चाचण्यांत नेमका बदल हाती लागतो. गिटमधली बायसेक्ट ही आज्ञा त्यासाठीच आहे.

शोधाअंती दोष खरोखर रनटाइमचाच निघाला तर? तेही होते, आणि अशा वेळी नीट मांडलेल्या तक्रारीचे वजन किती असते हे पायथन ३.१३ च्या वेळी दिसले. त्या आवृत्तीत गार्बेज कलेक्टरची नवी, टप्प्याटप्प्याने काम करणारी पद्धत येणार होती. अंतिम आवृत्ती जवळ आली असताना स्फिंक्स या साधनाने दस्तऐवज तयार करण्याचे काम तिच्यामुळे लक्षणीय मंदावते, असे उघड झाले. तक्रारीसोबत कुणालाही चालवून पाहता येईल असे उदाहरण होते. चमूने ती पद्धत मागे घेतली, एक जादा चाचणी-आवृत्ती काढली आणि १ ऑक्टोबर २०२४ ला येणारे पायथन ३.१३ हे ७ ऑक्टोबरला आणले. जगभरच्या कोट्यवधी प्रोग्रामना लागू शकणारी झळ एका चांगल्या नोंदीने टळली. आपल्याकडचे प्रोग्रामर अशा नोंदी करायला अजूनही कचरतात. इंग्रजीची भीती, वरिष्ठांची परवानगी, ‘आपले ऐकणार कोण’ ही शंका, कारणे काही असोत. ही भीड सोडायला हवी. मंदपणा दाखवणारा वीस ओळींचा प्रोग्राम आणि दोन आवृत्त्यांवरचे त्याचे आकडे, एवढे पुरेसे असते.

तोवर जुन्या आवृत्तीवर परत जाणे यात गैर काही नाही. ग्राहक खोळंबलेला असताना निदानाचा हट्ट धरू नये, आधी सेवा सुरळीत करावी. पण तिथेच कायमचा मुक्काम ठोकणे धोक्याचे आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींना मूळ चमूकडून दुरुस्ती मिळत नाही. परत फिरण्यापूर्वी फ्लेम ग्राफ, जीसीचा लॉग, थ्रेडची स्थिती, प्रोसेसरचा दिसणारा आकडा हे सारे टिपून घ्यावे, म्हणजे पुढचा शोध शांतपणे, ग्राहकाला त्रास न देता करता येतो.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात. आधी मोजमाप, मग सोबत आलेल्या बदलांची वेगवेगळी पारख, मग मेमरी, लॉक आणि कंपायलर. प्रत्येक प्रकरणातला प्रयोग साध्या लॅपटॉपवर करता येईल असाच निवडलेला आहे. ज्या वाचकांच्या टीममध्ये येत्या काही आठवड्यांत अपग्रेड ठरले आहे, त्यांना मात्र पुस्तक संपेपर्यंत थांबू नये अशी विनंती आहे. जुन्या आवृत्तीवरची मोजमापे आजच, खऱ्या भाराखाली घेऊन जपून ठेवा. जुने सर्व्हर एकदा बंद झाले की ती पुन्हा घेता येत नाहीत.